थोरल्याचा उपास

माणूस हा मुळात वाघाच्या जातीचा प्राणी आहे आणि भाजी, भाकर, भात ही त्याची झालेली घोर फसवणूक आहे, असं शेखर अमरावतीच्या आपल्या कोचिंग क्लासमध्ये फळ्यावर आतड्याची आकृती काढून सांगत असे. सध्या हा वाघ नांदगाव खंडेश्वरला बापाच्या घरी, सतरंजीवर, डावी पोटरी दोन्ही हातांनी दाबत बसला होता.

बाप, शालिकराम, काल गेला. घरची चूल बंद होती. शेजारच्या पार्बताबाई पिठलं-भाकर घेऊन आल्या होत्या. पहिला घास थोरल्या मुलाने घ्यायचा, मग बाकीच्यांनी, अशी रीत. आणि थोरला कालपासून ‘नको’ म्हणत होता. त्या ‘नको’चा अर्थ ‘यात पीठ आहे’ एवढाच होता. लोकांनी मोठा घेतला.

“पाहा, याले म्हंतेत लेक,” पार्बताबाई आलेल्या बायांना सांगत होत्या. “पान्याबिगर तोंडात काही घेतलं नाही. हात कसे थरथरून राहिले.”

हात थरथरत होते, हे खरं. नुसत्या मांसावर राहिलं की अंगातलं मीठ-पाणी भराभर निघून जातं, म्हणून शेखर रोज मिठाची आणि पोटॅशियम-मॅग्नेशियमची पूड पाण्यातून घ्यायचा. फोन आला तेव्हा घाईत तो डबा अमरावतीलाच राहिला. आता तो नुसतं पाणी पीत होता, आणि जितकं पीत होता तितके पायांत गोळे येत होते. बॅगेतली उकडलेली अंडी त्याने काल गाडीत बसूनच संपवली. पोट तर त्याच्याही आधीपासून बिघडलेलं. थोड्या थोड्या वेळाने तो उठायचा आणि मागच्या अंगणातल्या संडासाकडे जायचा.

“एकटा जाऊन रडते बिचारा,” हेही पार्बताबाईंनीच जाहीर केलं.

शेखरने ते खोडलं नाही. दिवाळीनंतर तो या घरात थेट कालच आला होता. अशा माणसाला सगळं गाव गुणाचा लेक म्हणू लागलं, तर ऐकायला बरं वाटतं.

पंचाईत आईची होती. शकुनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर ताट होतं आणि त्या त्याला हात लावत नव्हत्या. थोरला खाईल तेव्हाच खाईन, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. कालपासून पोटात अन्नाचा कण नाही; सकाळी शुगरची गोळी मात्र पार्बताबाईंनी सवयीने दिली होती. आता त्यांच्या कपाळावर घाम जमला होता.

शालिकरामचे दोस्त, संत्र्याचे व्यापारी अय्युबभाई, पुरुषांतून उठून आत आले आणि शेखरजवळ उकिडवे बसले.

“बेटा, बापाचं दुख मले समजते,” ते हळूच म्हणाले. “पन तुह्या मायची शुगर उतरून राहिली. साखरेचं पानीबी वापस केलं तिनं. एक घास खाय. तिच्यासाठी.”

शेखरने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडाशी नेला. ओकारी येईल म्हणून त्याने हात तोंडावर दाबून धरला. ते पाहून दोन बायांनी हंबरडा फोडला.

“राहू द्या त्याले,” शकुनबाई म्हणाल्या. जीभ जड झाली होती. “बापासाठी एवढा जीव... मंग मीबी नाही खात.”

त्यांनी ताट दूर सारलं. सारताना हात काठावरून घसरला.

“आई, मी बाबांसाठी उपाशी नाही,” शेखर म्हणाला.

“मंग?”

“मी मटन-अंड्याशिवाय काही खातच नाही. डायट आहे. पोट बिघडलंय. मीठ कमी पडलं म्हणून हात कापतात. तू खा.”

बायांचं रडणं मध्येच थांबलं. पुढे रडायचं की नाही, ते कुणालाच ठरवता येईना.

“म्हंजे,” पार्बताबाईंनी विचारलं, “मटन भेटलं असतं त खाल्लं असतं?”

शेखर पुन्हा पोटरी दाबू लागला.

“मी गाडी दाराशी लावतो,” अय्युबभाई उठत म्हणाले. “दोघायलेबी दवाखान्यात नेतो.”

शकुनबाईंनी एकदा लेकाकडे पाहिलं. मग त्यांनी ताट स्वतःच पुढे ओढलं, भाकर मोडली आणि खायला लागल्या. एक घास, दुसरा घास. मान वर केली नाही.

शेखर पाय ओढत त्यांच्याजवळ सरकला. बोलायला त्याने तोंड उघडलं.

शकुनबाईंनी आधी तोंडातला घास गिळला.

“जरा बाजूले सरक, बाप्पा,” त्या म्हणाल्या. “पंख्याची हवा अडून राहिली.”