घरमालकाचा फॉर्म

म्हसळ्याच्या हौशी कार रॅलीत उतरायचं म्हणून सलिलने स्पर्धकाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. जन्म श्रीवर्धनचा, पण पासपोर्ट आता कॅनडाचा, म्हणून अर्ज परदेशी नागरिकाचा. तिकडच्या मोटार शर्यत संघटनेचं ना हरकत पत्र चार दिवसांत आलं. इथे मात्र एकच कागद अडला होता: मुक्काम ज्यांच्याकडे आहे, त्या घरमालकाने भरून द्यायचा फॉर्म.

घरमालक म्हणजे त्याचे बाबा.

"अपूर्ण" असा शेरा मारून अर्ज दोनदा परत आला. दोन्ही वेळा बाबांनी परत आलेलं पाकीट स्वतःच उघडलं, फॉर्म नव्याने भरला आणि पाकीट चिकटवूनच त्याच्या हातात दिलं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, पोरांनी पेपरात जागा कोरी सोडली तर गुण कापणारा. त्यांच्याकडून काय राहणार?

आज नावं नोंदवायचा शेवटचा दिवस. सलिल सकाळपासून पडवीतून वाडीत आणि वाडीतून पडवीत नुसता येरझाऱ्या घालत होता.

"भरलाय रे मी सगळा. तू आधी जेवून घे," बाबा म्हणाले.

तेवढ्यात परवान्याच्या ऑफिसातून फोन आला. अर्ज पुन्हा अपूर्ण.

"अहो, पण राहिलंय काय ते तरी सांगा!" सलिल ओरडलाच.

"फोटो पाठवतो. तुम्हीच बघा."

फोटो आला. नाव, पत्ता, पासपोर्टचा नंबर, घरमालकाशी नातं, सगळं बाबांच्या वळणदार अक्षरात.



फक्त 'पाहुणे परत कधी जाणार?' हा रकाना कोरा होता.