चौथ्या प्रकरणातली युक्ती

“हे बघ बाळा, मी तुझ्याच बाजूचा आहे,” सर म्हणाले आणि तिला शिसारी आली.

हे वाक्य तिच्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात होतं. पोलिसांनी चौकशीला बसवलं की निरपराध माणसं खोटं का बोलतात, न केलेला गुन्हा का कबूल करतात किंवा दुसऱ्याच्या गळ्यात का मारतात, यावर ती पीएच.डी. करत होती. सर तिचे मार्गदर्शक. ते प्रकरण त्यांनीच तपासलेलं. आता त्यातली एकेक युक्ती ते तिच्यावर चालवत होते. आधी गोडीगुलाबी, मग आईच्या तब्येतीची विचारपूस, मग नुसतंच टक लावून गप्प बसणं. गुरूची विद्या गुरूला म्हणतात. इथं चेलीची विद्या चेलीलाच मिळत होती.

भानगड साधी नव्हती. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं मिळून तुरुंगातल्या कैद्यांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या होत्या, नाव फुटणार नाही असा शब्द देऊन. काल त्यातली एक मुलाखत बातम्यांत वाजली. रेकॉर्डिंग ठेवलेल्या कपाटाची चावी दोघींत मिळून एकच. विभागाला आता कुणाचा तरी बळी हवा होता. ज्याचं नाव येईल त्याची नोंदणी रद्द, म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

तिनं काही केलं नव्हतं. मैत्रिणीनंही केलं नव्हतं, याची तिला स्वतःइतकीच खात्री होती.

“सर, या युक्त्या मला पाठ आहेत,” ती म्हणाली.

“कसल्या युक्त्या? अगं, मी तुला वाचवायला बसलोय.” सरांनी सावकाश चष्मा पुसला. “सांगणार नव्हतो. पण तुझी मैत्रीण सकाळी गाडीतून उतरली ती थेट इथंच आली. तिनं तुझं नाव घेतलंय.”

हीसुद्धा चौथ्या प्रकरणातलीच. हे बहुतेक वेळा धादांत खोटं असतं, असं तिनंच लिहिलं होतं. तिला हसू आलं. पण खरंच घेतलं असेल तर? पाणी नाकातोंडाशी आलं की माकडीणसुद्धा पिल्लाला पायाखाली घेते.

“गावाला जाताना चावी तीच घेऊन गेली होती,” ती म्हणाली.

चावी तिच्याच पर्समध्ये होती.

“शहाणी माझी मुलगी.” सरांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. अंगावर पाल पडावी तसं तिला झालं. तरी तिनं तो हात झटकला नाही, उलट मान डोलावली. त्याची तिला जास्त किळस वाटली.

ती बाहेर आली. दाराजवळच्या बाकावर मैत्रीण बसली होती. पायाशी प्रवासाची बॅग, केस विस्कटलेले. तिला बघताच ती धडपडत उठली.

“बरं झालं बाई, भेटलीस! गाडी मेली रखडली, आत्ता उतरतेय. काय विचारतायत गं आत? तू काय सांगितलंस तेवढं सांग, म्हणजे मीही डोळे मिटून तेच सांगते.”