गुरुवारची पाचवी खुर्ची

"काल कुठं जेवलास?" बुटाची नाडी आवळत ग्रेडीने विचारलं.

"कोल्बीकडे. त्याची आई आलीये टेक्सासहून. काय बरगड्या भाजल्या होत्या म्हातारीनं," टावी म्हणाला.

ग्रेडीचे हात थांबले. अमेरिकन फुटबॉलमधला रिवाज साधा होता. क्वार्टरबॅकने दर गुरुवारी आपल्या राखणदारांना जेवू घालायचं. चेंडू फेकणार तो, आणि त्याच्या अंगावर धावून येणाऱ्यांना अडवणार हे पाच धटिंगण. काल ग्रेडीच्या टेबलावर चारच होते. टावी त्याच्या डाव्या हाताला उभा राहायचा. फेकताना नेमकी तीच बाजू ग्रेडीला दिसत नसे. आणि हा कोल्बी कोण, तर ग्रेडीची जागा कधी रिकामी होते याची वाट बघत बसलेला राखीव गडी.

हा डाव ग्रेडीच्या ओळखीचा होता. कारण एके काळी राखीव तो स्वतः होता. तेव्हा असाच एका गुरुवारी त्याने नवख्या टावीला घरी नेलं आणि पोट फुटेस्तोवर स्टेक खाऊ घातला. त्याच रविवारी टावीच्या बाजूने समोरच्या संघाचा एक आडदांड आत घुसला आणि तेव्हाच्या क्वार्टरबॅकचा, हॉलिसचा, गुडघा कायमचा गेला. हॉलिस आता नेब्रास्कात ट्रॅक्टर विकतो. ग्रेडीकडे विजेतेपदाच्या दोन अंगठ्या आहेत. पेपरवाले त्याला नशीबवान म्हणतात. नशीब कसलं डोंबलाचं? टावीला त्याने कधी काही विचारलं नाही. असली कामं विचारून होत नसतात. त्यानंतर फक्त एकही गुरुवार चुकवला नाही.

"सरळ सांग," तो दबक्या आवाजात म्हणाला. "या रविवारी माझा नंबर का? हॉलिसचा लावलास तसा?"

टावीला कळायला जरा वेळ लागला. मग तो मटकन बाकावर बसला.

"माझा पाय घसरला होता, ग्रेडी. चिखल होता नुसता. अजून झोपेत घसरतो."

ग्रेडी पुन्हा बुटाच्या नाडीकडे वाकला.

"सगळा संघ मला शिव्या घालत होता. तू एकटा जेवायला बोलवत राहिलास. माझ्या पोरांना मी सांगतो, मित्र असावा तर असा." टावीने तळहाताने तोंड पुसलं. "म्हणजे इतकी वर्षं तू मला त्या गुडघ्याचं बक्षीस खाऊ घालत होतास?"