पूजेचं तळं

"पावसाळी गटाराचं पाणी ज्या तळ्यात सोडायचं, ते आधी डोळ्यांनी बघून ये, मगच संगणकात पाईप टाक," बंगळुरूतले तिचे जुने साहेब सांगत. अभियंता वनजाक्षी तळं बघून आली होती. नव्या साहेबांनी मात्र पडद्यावर तळं रिकामं धरलं आणि तुंबलेले लाल पाईप हिरवे झाले. "झालं ना पास? कर सही." "सर, पावसात ते काठोकाठ असतं. पाणी उलटं फिरून खालच्या वस्तीत शिरेल." "वस्ती काय तुझं माहेर आहे?" एरवी हळू बोलणारी वनजाक्षी ताडकन उठली. "तळं भरलं म्हणून श्रावणात तुम्हीच जोडीनं त्याची ओटी भरलीत. पूजेला भरलेलं, पडद्यावर रिकामं? नाही करणार सही!" वस्तीतल्या रत्नम्माच्या घराचं जोतं अडलं होतं, किती उंच घ्यायचं ते सांगेन, असा वनजाक्षीनं शब्द दिला होता. ते सांगायला ती वस्तीची बस धरायला थांब्याकडे निघाली.