तोंडाला तोंड

रामहरीआबांनी नातवाला दोन्ही पायांना धरून उलटं केलं आणि गरागरा फिरवलं. तोंडातून ओंजळभर पाणी पडलं, बाकी काही नाही. चौदा महिन्यांचा जोतीराम. घरामागच्या पाटात, गुडघाभर पाण्यात, पालथा सापडला होता. ओठ जांभळे, पोट फुगलेलं, मान लुळी. आबांनी परत फिरवलं. कुणी म्हणालं, मिठात पुरा. कुणी म्हणालं, बारामतीचा डाक्टर आणा. पणदऱ्याहून बारामती, तीही बैलगाडीनं. सल्ला द्यायला जीभ लागते, तेवढी प्रत्येकाजवळ होती.

पोराची आई द्वारका जमिनीवर बसून नुसती माती उकरत होती. नवरा उसाची गाडी घेऊन कारखान्याला गेलेला. तिनं वर पाहिलं तर बांधावर फुला उभी होती, गवताचा भारा खाली टाकून.

फुला मांगवाड्यातली सुईण. याच पोराची नाळ तिनं कापली होती. जन्मला तेव्हाही जोतीराम रडला नव्हता. तिनंच त्याच्या तोंडात फुंकर घालून त्याला रडवलं होतं, आणि तेव्हा कुणी ब्र काढला नव्हता. बाळंतिणीची खोलीच विटाळाची, तिथं फुलाचा हात चालतो. बाराव्या दिवशी घर सारवलं की तोच हात चालत नाही. ही असली रीत. सांगताना शिसारी येते, पण पाळणाऱ्यांना कधी आली नाही.

"फुले, तितंच थांब," द्वारकाची सासू ठमाबाई ओरडल्या. नातू मरायला टेकला होता, सवय मात्र धडधाकट होती.

द्वारका उठली. सासऱ्याच्या हातून पोर हिसकावलं, बांधापर्यंत पळाली आणि फुलाच्या पदरात टाकलं.

"फुलाबाई, त्या दिवशी केलं तसं करा."

त्या वस्तीवर फुलाला आजवर कुणी बाई म्हटलं नव्हतं.

फुलानं मांडी घालून पोर आडवं घेतलं. बोटानं तोंडातला चिखल काढला. हनुवटी जराशी वर केली. मग त्याचं नाक नि तोंड दोन्ही आपल्या तोंडात धरलं आणि फुंकलं. छाती भरून नाही, गालात मावेल तेवढंच. एवढ्याशा जीवाला थोराचा दम सोसत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चाळीस वर्षांत हाताखालून गेलेल्या पोरांनीच ते सांगितलं होतं. जोतीरामची छाती किंचित वर आली, खाली बसली. तिनं परत फुंकलं.

"अगं बया, तोंड लावलं की हिनं," ठमाबाई म्हणाल्या. "पार बाटवलं पोर."

आबांनी मान फिरवली. अडवलं मात्र नाही, एवढं तरी बरं केलं.

पोरानं भडाभडा ओकलं. पाटाचा गाळ, आंबलेली ताकभाकरी, शेंबूड, सगळं फुलाच्या तोंडात. बघणारे मागं सरले. फुलानं बाजूला थुंकून टाकलं, पोर कुशीवर वळवलं, त्याचं तोंड निपटून काढलं आणि पुन्हा तोंड लावलं. किती वेळ चाललं होतं, कुणाला भान नव्हतं. मग पोर खोकललं. मग त्यानं पाय झाडले आणि शेवटी मोठ्ठं भोकाड पसरलं. द्वारकाही त्याच्याबरोबर रडायला लागली.

"रडू नगा, पोर गार पडलंय," फुला तिला म्हणाली. "अंगाशी धरा. ऊब द्या."

द्वारकानं पोर छातीशी घेतलं, तोच ठमाबाईंनी ते ओढलं. "आधी गोमूत्र आणा. त्या तोंडाला पाजायचं न्हाय." आणि ज्या तोंडात आत्ता कुठं वारं शिरलं होतं, त्यातच त्यांनी भांडं ओतलं. पोराला ठसका लागला, डोळे पांढरे व्हायला लागले. किळस यावी तर याची यावी. ओकारीचं काय, ती धुतली की जाते.

द्वारकानं पोर परत घेतलं, फुलानं धरलं होतं तसंच कुशीवर धरलं, पाठ थोपटली. श्वास नीट लागल्यावर सासूकडं पाठ करून ती तिथंच बांधाखाली पाजायला बसली. जन्मात पहिल्यांदा तिनं सासूला पाठ दिली असेल.

फुला तोंड धुवायला पाटाकडं निघाली. "वरच्या अंगाला नगं, खाली जा," कुणीतरी लगेच बजावलं. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, पण निदान वैद्याच्या हनुवटीवरची ओकारी तरी वाळू द्यायची.

ती तोंड धुऊन येईतो आबा बांधाशी आले होते. दहा पावलांवर थांबले. हातातलं जुनं लुगडं भुईवर ठेवलं आणि मागं सरले. माणूस तसा वाईट नव्हता, म्हणूनच जास्त राग येतो.

"फुले, तुजं उपकार हायती," ते आवाज बारीक करून म्हणाले. "पर नातवाच्या तोंडाला तोंड लावलंस, ते मांगवाड्यात बोलू नगंस. उद्या त्याची सोयरीक करायची हाय."

फुलानं चौदा महिन्यांच्या त्या नवरदेवाकडं एकदा पाहिलं. तो आईच्या पदराआड चुटूचुटू पीत होता. तिनं लुगड्याला हात लावला नाही. गवताचा भारा डोक्यावर घेतला.

"बोलू कशाला, आबा?" ती म्हणाली. "आमच्या लोकास्नी कळलं, म्या तुमच्या घरच्या तोंडाला तोंड लावलं, तर मलाच वाळीत टाकत्याल."