उमललेली रोपं

"ही नका नेऊ, टेलरसाहेब," नर्सरीवाला म्हणाला. "पार उमललीत. जागा बदलली की हबकतील आणि आठवड्याभरात माना टाकतील."

टेलर शेवंतीच्या पिशव्यांपुढे उकिडवा बसला होता. हातात बायकोने लिहून दिलेला कागद. पानं उलटी करून बघा, मागे पांढरे किडे असले तर हातही लावू नका. रोप पिशवीतून अलगद काढून मुळं बघा, पांढरी हवीत. खोड बुटकं आणि जाड. झाडातलं ओ की ठो कळत नसलं तरी हे सगळं त्याने कापड पारखावं तशा इमानाने केलं होतं. शेवटच्या ओळीखाली मात्र तिने दोन रेघा ओढल्या होत्या. कळ्यांचीच आणा, उमललेलं एकही नको.

"वहिनी स्वतः आल्या असत्या तर माझी खैर नव्हती," नर्सरीवाला हसला. "मागे एक उमललेलं चुकून गेलं, तर भर उन्हात परत घेऊन आल्या होत्या. ही घ्या, कळ्यांची. महिनाभराने असा बहर येईल, बघत राहाल."

"महिनाभराने," टेलर म्हणाला.

"मग! घाई करून कसं चालेल?"

टेलरने बारा रोपं बाजूला काढली. सगळी निरोगी, सगळी उमललेली. नर्सरीवाल्याने कपाळाला हात लावला आणि खोक्यात भरून दिली.

घरी तिची खाट खिडकीला लावलेली होती. काल डॉक्टरांनी टेलरला फाटकापर्यंत नेऊन हळूच सांगितलं होतं, आठ-दहा दिवस, त्याहून जास्त धरू नका. तो आत आला आणि म्हणाला, "अशक्तपणा आहे नुसता. महिनाभरात उठून बसशील म्हणाले." इतकं सफाईने बोलला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. आणि तिने लगेच कागद-पेन्सिल मागितली होती. मग खिडकीखालच्या वाफ्यात शेवंती लावून घेऊ, उठेन तोवर फुलेल.

त्याने खड्डे घेतले, रोपं लावली, माती दाबली, पाणी घातलं. ओळ टीप मारल्यासारखी सरळ आली. कंबर धरून तो उभा राहिला. वाफा पिवळाजर्द दिसत होता. आता ती हसेल, असं त्याला वाटलं.

तिने खिडकीतून वाफ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"पानं उलटी करून बघितलीत?"

"बघितली."

"मुळं?"

"पांढरीशुभ्र."

"आणि शेवटची ओळ?"

टेलर खुरप्याला चिकटलेली माती नखाने काढू लागला. "कळ्यांची नव्हती त्याच्याकडे."

"ऐन हंगामात?" तिला धाप लागली. "शर्ट वेळेवर झाला नाही तर गिऱ्हाइकापुढे थाप मारता येत नाही तुम्हाला. काल मात्र छान जमलं होतं."

टेलरला आपल्या हातांचा संताप आला. जिभेने एवढं सांभाळलेलं, हातांनी एका सकाळीत उघडं पाडलं होतं.

"किती दिवस म्हणाले?"

टेलर तसाच ओल्या मातीत बसला.

"बरं," ती म्हणाली. "तुमची कात्री आणा."

"कशाला?"

"फुलं कापा. कळ्यासुद्धा. फुलं ठेवलीत तर सगळी ताकद त्यातच जाते, रोप मूळ धरत नाही. हेही लिहायला हवं होतं मी."

"राहू दे गं. तुझ्यासाठीच आणली ना."

"बघितली मी. सुंदर आहेत. आता कापा. नाहीतर पुढच्या महिन्यात नुसत्या काड्या बघत बसाल इथे, आणि पाणी घालायला म्हणूनसुद्धा बाहेर येणार नाही तुम्ही. ओळखते मी तुम्हाला."

टेलरने कापडाची मोठी कात्री आणली. या कात्रीने आजवर त्याने कुणाला कागदही कापू दिला नव्हता. पहिल्या फुलापाशी त्याचा हात अडला, पाती नुसतीच उघडी राहिली. मग त्याने एकेक कापायला सुरुवात केली. ती खिडकीतून सांगत होती, जरा खालून, देठासकट. फुलं मातीत पडत होती आणि त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून तो मध्येच बाहीने डोळे पुसत होता.

बाराव्या रोपापर्यंत वाफा हिरवा झाला. या शेवटच्या रोपावर दोन फुलं होती. एक त्याने कापलं. दुसरं हळूच पलीकडे वळवलं, पानाआड सारलं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"अहो," खिडकीतून आवाज आला, "ते पानाआडचंसुद्धा."