बिशपचा खडक

बिशप समुद्रमार्गे आला होता, याबद्दल वॉल्टर पर्डीला आता शंका उरली नव्हती. कोणता बिशप, एवढंच ठरायचं होतं. तीन जण त्याच्या विचाराधीन होते.

पेझ्ली शहरातल्या बँकेतून निवृत्त होऊन पर्डी पोर्टकीली या कोळ्यांच्या गावी राहायला आला, त्याला वीस वर्षं झाली होती. तेव्हापासून लोकांची आडनावं आणि जागांची नावं हाच त्याचा ध्यास. गावातल्या एकेका टेकडीच्या नावाचं मूळ त्याने खणून काढलं होतं आणि त्यापायी प्रत्येक घरचा चहा पिऊन झाला होता. घोडं अडलं होतं ते किनाऱ्यावरच्या एका काळ्या खडकाशी. नवा होता तेव्हा पर्डी तिथे समुद्रातले सील प्राणी बघत बसायचा. गाव त्याला बिशपचा खडक म्हणे, पण एकाही जुन्या नकाशात ते नाव नव्हतं. नकाशे करणारे आळशी होते, असा निष्कर्ष पर्डीने काढला.

त्याला आणखी एक गोष्ट सलत होती. पोर्टकीलीत अर्धं गाव मेअर आडनावाचं. धक्क्यावर उभं राहून जॉर्ज मेअर अशी हाक मारली, तर निम्म्या बोटी थांबतील. म्हणून प्रत्येकाला एक टोपणनाव: कुणी किंग, कुणी बटर, कुणी लांब्या. हे नाव गाव देतं आणि ज्याचं त्याच्या तोंडावर कधी घेत नाही, तो उद्धटपणा समजतात. टोपणनाव नसलेला माणूस मात्र पाहुणा. पर्डीने सगळ्यांची टोपणनावं जमवली होती. स्वतःसाठी आडून आडून चौकशी केली, भिंतीला कान लावायचे तेवढे बाकी ठेवले, पण हाती काही लागलं नाही.

शेवटी त्याने शेजारच्या जेसी मेअरलाच गाठलं. ती हॅडक माशाचं सूप ढवळत होती.

"जेसीबाई, खरं सांगा. गावाने मला काही नाव दिलंय का?"

"तुमचं नाव मिस्टर पर्डी," जेसी म्हणाली. "छान आहे की. जरा मीठ बघा."

पर्डीला वाईट वाटलं, फारच वाईट वाटलं. वीस वर्षं तो या लोकांच्या लग्नांत नाचला होता, त्यांच्या मयतांना गेला होता, आणि अजून पाहुणाच होता. मग त्याने विषय बिशपकडे वळवला. बिशपने त्याला कधी दुखावलं नव्हतं.

"तो तिथे करत काय होता?"

"आशीर्वाद देत होता म्हणतात. दोन्ही हात वर करून, चांगला बराच वेळ."

"मग लोकांनी काय केलं?"

"धक्क्यावर बायका मासे साफ करत होत्या. त्यांनीही हात हलवले. शेवटी बोटीनं नेलं त्याला."

जेसी पातेल्यावर वाकली. वाफेने असेल, तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पर्डीने व्याख्यान ठरवलं, तेही ओहोटीच्या वेळी, प्रत्यक्ष खडकावर. हे साधलं तर गाव आपल्याला आपलं म्हणेल, नावही देईल, अशी त्याला आशा होती. सगळं गाव आलं. जेसीचा नवरा जॉर्डी तर बोट धक्क्याला बांधून, कोट घालून आला. पर्डीने तिसऱ्या बिशपच्या बाजूने कौल दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून थरथरत होती. एवढं हेलावलेलं गाव पर्डीने कधी पाहिलं नव्हतं.

मंडळी चहाला गेली. पर्डी एकटाच मागे राहिला. आशीर्वाद देताना बिशपचं तोंड नेमकं कुठल्या दिशेला असेल, हे त्याला बघायचं होतं. उत्तरेला असावं, की धक्क्याकडे? या विचारात तो गढून गेला, आणि भानावर आला तेव्हा चारी बाजूंनी पाणी होतं.

त्याने दोन्ही हात वर करून हलवायला सुरुवात केली. खडकावरून आणलेल्या खुर्च्या धक्क्यावर रचणाऱ्या बायकांनीही हसून हात हलवले. जेसीने मात्र निरखून पाहिलं. घाईत ती सगळी रीतभात विसरली, आणि वारा समुद्राकडे वाहत असल्यामुळे तिचा शब्दन् शब्द खडकापर्यंत पोचला.

"जॉर्डी, बोट काढ! बिशप परत अडकलाय!"